विनाकारण हाताळणी

"त्याच्याबरोबर श्वास घेऊ नका," मार्था सिस्टर म्हणाल्या. "त्याचा त्याला घेऊ द्या. तुमचा तुम्ही घ्या."

मी मान हलवली आणि घेत राहिले.

माझं बाळ तेव्हा तेरा दिवसांचं होतं, सोळाशे दहा ग्रॅमचं. सात आठवडे आधी आलेलं. त्याला काचेच्या पेटीतून काढून आम्हा दोघांना आदल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या कांगारू वॉर्डात आणलं होतं. मिरजेतलं मोठं खाजगी हॉस्पिटल होतं ते. वॉर्डात दहा आरामखुर्च्या, त्यांत दहा आया. बाळाला नुसता लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, वरून कापडी पट्टा गुंडाळायचा आणि दिवसाचे आठ-दहा तास तसंच पडून राहायचं. आईच्या उबेनं बाळ वाढतं म्हणतात. माझं बाळ छातीवर आहे की नाही हेही मला कधी कधी चाचपून बघावं लागे. साखरेचा पुडा हाताला जास्त जड लागतो.

"का पण, सिस्टर?" मी विचारलं.

"सांगीन. घरी जायच्या दिवशी सांगीन."

मी गालातल्या गालात हसले. काळा दोरा, काजळाचा ठिपका, तसलंच हे काहीतरी, असं मला वाटलं. मी संख्याशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेली, बाळंतपणाच्या आधी ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. आकड्यांशिवाय माझा कशावर विश्वास नव्हता.

आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य बसलं होतं. पेटीत असताना डॉक्टर सहज म्हणाले होते, "ही लवकर आलेली बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात." विसरतात. जशी कुणी छत्री विसरावी. तेव्हापासून मी त्याला आठवण करून देत होते. त्याचे श्वास बारीक, भरभर, मिनिटाला चाळीस-बेचाळीस. माझेही तसेच. आत, बाहेर, आत, बाहेर. पहिल्या दिवशी चक्कर आली, तिसऱ्या दिवशी सवय झाली. मी जेवतानाही तसाच श्वास घ्यायचे. नवरा, संदेश, भेटायला यायचा तेव्हा म्हणायचा, "रसिका, तुला धाप लागलीय का?" मी म्हणायचे, उकडतंय.

त्या वॉर्डात नुकतंच एक नवं यंत्र बसवलं होतं. बाळाच्या पोटावर पोस्टाच्या तिकिटाएवढी मऊ चकती चिकटवायची. तिला वायर नाही. खुर्चीच्या उशाशी छोटा पडदा, त्यावर श्वासाची लाट आणि भोवती एक कडं: हिरवं, पिवळं, लाल. कृत्रिम बुद्धिमत्ता असलेलं. ते म्हणे प्रत्येक बाळाचा श्वास शिकून घेतं आणि काही बिघडायच्या आधीच सांगतं. दहाही बाळांच्या लाटा नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर एकाखाली एक दिसायच्या. कंपनीनं त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. नर्स त्याला नणंद म्हणायच्या.

"चोवीस तास बघते, आणि बघितलेलं सगळं वर सांगते," सोनल सिस्टरनं मला नावाचं कारण सांगितलं होतं. ती चोवीस-पंचवीसची, जतकडची, हसरी. मार्था सिस्टर पंचावन्नच्या पुढच्या. ड्यूटी बदलताना त्या दोघींची या नणंदेवरून रोज जुंपायची, आणि आम्हा आयांची तेवढीच करमणूक.

"खोटं कशाला बोलू," सोनल म्हणायची. "आधी अर्धी ड्यूटी कागद भरण्यात जायची. तापमान लिहा, श्वास लिहा, दर तासाला सही करा. आता ते आपोआप भरतंय. आणि मागच्या महिन्यात चार नंबरच्या बाळाचं इन्फेक्शन कुणी ओळखलं? डॉक्टरांच्या आधी आठ तास."

"ओळखलं की. मी नाही म्हणाले का?"

"मग?"

"मग काय. तेव्हापासून तू पोरांच्या तोंडाकडं बघणं सोडलंस. आणि तेव्हापासून इथं दोघी होत्या त्याची एक झाली. माझी ड्यूटी संपली की तुझी. आधी दोघी एकदम असायचो. उरलेली एक कुठं गेली विचार तुझ्या नणंदेला."

"ते मॅनेजमेंटला विचारा. तिला काय कळतंय."

"तेच म्हणते मी. तिला काय कळतंय."

मला सोनलचं पटायचं. मी तर त्या पडद्यावर जीव लावून बसले होते. दिवसभर मान वाकडी करून लाटेकडे बघायचे. खाली शब्द यायचे: शांत झोप. हलकी झोप. जागं. 'शांत झोप' आलं की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

मार्था सिस्टरांची पद्धत वेगळी होती. पडद्याकडे ढुंकून न बघता त्या खुर्चीपाशी यायच्या, दोन बोटं पट्ट्यातून आत सारून बाळाच्या पाठीवर ठेवायच्या, हनुवटी वर आहे ना बघायच्या, ओठांचा रंग बघायच्या आणि जाता जाता तळपायाला नखानं टिचकी मारायच्या. बाळ दचकायचं, रडायचं. मला ते सहन व्हायचं नाही. अर्धा तास थोपटून झोपवलेलं पोर, पडद्यावर हिरवंगार, आणि या येऊन टिचकी मारणार.

नणंदेलाही ते सहन होत नसे. कडं हिरवं असताना नर्सनं बाळाला हात लावला की पडद्यावर नोंद व्हायची: 'विनाकारण हाताळणी'. कारण बाळ झोपेत वाढतं, झोप मोडायची नाही. महिन्याच्या शेवटी ती यादी मेट्रनकडे जायची. मार्था सिस्टरांच्या नावापुढे त्या महिन्यात दोनशेच्या वर नोंदी होत्या, असं सोनलनं मला हसत हसत सांगितलं.

वॉर्डातल्या चौथ्या दिवशी एक गोष्ट घडली. दुपारी मला उचकी लागली. ती थांबावी म्हणून मी श्वास रोखून धरला. सहज पडद्याकडे नजर गेली, तर लाट सपाट. मी श्वास घेतला. लाट परत चालू झाली.

मी पुन्हा रोखला. लाट थांबली. घेतला. चालू झाली.

कसं सांगू मला काय वाटलं. अंगावर काटा आला आणि त्या काट्यातच एक सुख होतं. मी थांबले की तो थांबतो. म्हणजे मी घेतेय तोवर तो घेणार. त्यानंतर मी दीर्घ उसासासुद्धा टाकला नाही. झोपायची भीती वाटायला लागली. डुलकी लागली तरी छाती आपली भरभर हलत राहायची. शेजारच्या खुर्चीतली बाई एकदा म्हणाली, "तुमचं बघून मलाच दम लागतोय ओ."

सोनलला सांगितलं तर ती म्हणाली, "बाँडिंग असतं ते, ताई. किती छान."

मार्था सिस्टरांना सांगितलं, तर त्या सरळ खुर्चीपाशी आल्या. पट्टा सैल करून त्यांनी हात आत घातला. एक तळवा बाळाच्या पाठीवर, दुसरा माझ्या छातीवर, आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मिनिटभर. मला त्या बाईंची भीती वाटली. मग त्यांनी बाळाच्या तळपायाला टिचकी मारली, एकदा नाही, तीनदा. तो कळवळून रडला.

"मेट्रनला सांगते मी हे," त्या म्हणाल्या. "ही चकती काहीतरी दुसरंच ऐकतेय."

"सिस्टर, हिरवं होतं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "हिरवं असताना तुम्ही का उठवता त्याला?"

"कारण हिरवं मला दिसतंय. पोर दिसत नाही."

संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी तक्रार केली. त्यांनी टॅब पुढे केला, म्हणाले इथे लिहा. मी चार ओळी लिहिल्या. नीट, मुद्देसूद, कॉलेजच्या नोटिशीसारख्या. 'सदर परिचारिका यंत्राच्या सूचनांकडे दुर्लक्ष करून बाळाची झोप वारंवार मोडतात.' दुसऱ्या दिवसापासून मार्था सिस्टरांची ड्यूटी दूध काढायच्या खोलीत लागली. ती खोली काचेच्या पलीकडेच होती. आम्ही तिथं दूध काढून द्यायचो, त्या वाट्या निर्जंतुक करून, चिठ्ठ्या लावून फ्रिजमध्ये ठेवायच्या.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या हातातली वाटी घेत त्या म्हणाल्या, "मेट्रननं वाचून दाखवलं. चांगलं मराठी आहे तुमचं."

मी खाली बघितलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मान तेवढी बघत जा त्याची. हनुवटी छातीला टेकू देऊ नका. आणि ते श्वासाचं सांगितलेलं ध्यानात ठेवा."

मी ठेवलं नाही.

नवव्या दिवसाची ती दुपार. अडीचचा सुमार. एप्रिलचं ऊन, म्हणून सगळे पडदे ओढलेले, आत हिरवट अंधार. एसीची घरघर. जेवणं झालेली, दहाच्या दहा आया झोपलेल्या, म्हणजे नऊ. सोनल एकटी टेबलाशी बसून मोठ्या पडद्याकडे बघत होती. मी अर्धवट झोपेत होते. आत, बाहेर, आत, बाहेर. माझ्या उशाशी लाट चालली होती. इतकी सुंदर लाट मी आधी पाहिली नव्हती. एकसारखी, गुळगुळीत, ना कुठं अडखळ, ना कुठं घाई. शांत झोप. शांत झोप. तो आज हलतही नव्हता. मला वाटलं, आता आपण घरी जाणार. मला वाटलं, शिकला बाळ माझा, आता विसरणार नाही.

आणि मला जाणवलं की कुणीतरी माझ्याकडे बघतंय.

काचेपलीकडे मार्था सिस्टर वाट्यांचा ट्रे हातात घेऊन उभ्या होत्या. पडद्याकडे बघत नव्हत्या. माझ्या छातीवरच्या टोपीकडे बघत होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग त्यांनी ट्रे खाली ठेवला, दार ढकललं आणि आत आल्या. नखाएवढं काम असलं तरी आधी कोपरापर्यंत हात धुणारी ती बाई, त्या दिवशी न धुता आली.

"मार्था सिस्टर," सोनल दबक्या आवाजात म्हणाली, "हिरवं आहे ओ. नोंद होईल."

"होऊ दे."

त्यांनी पट्टा खाली ओढला आणि बाळाला उचललं. मी "अहो" म्हणणार होते. त्याची मान मागे लोंबली. तोंड शिसपेन्सिलीच्या टोकाच्या रंगाचं झालं होतं.

त्यांनी त्याला चार पावलांवरच्या टेबलावर नेलं. पाठ चोळली. तळपायाला टिचकी, आणखी एक. काही नाही. "सोनल, बॅग," त्या म्हणाल्या, आणि सोनल खुर्ची पाडून धावली. नाकातोंड साफ करायची नळी, इवलासा मास्क, रबरी फुगा. "दाब. सोड. दाब. सोड. घाई करू नको."

मला उठता येईना. मी मान वळवली. सवय म्हणून वळवली असेन. पडद्याकडे.

कडं हिरवं होतं.

बाळ चार पावलांवर होतं, निपचित, आणि माझ्या उशाशी त्याची लाट चालली होती. मिनिटाला बेचाळीस. एकसारखी, गुळगुळीत. शांत झोप.

मी खाली बघितलं. घामानं सुटलेली ती चकती माझ्या छातीवर, गळ्याच्या हाडाखाली चिकटून बसली होती. मी आत घेतला, लाट वर गेली. बाहेर सोडला, खाली आली.

मी श्वास बंद केला.

लाट आडवी झाली. कडं पिवळं झालं. मग लाल. मग आख्ख्या वॉर्डात ती शिट्टी वाजायला लागली, उशाशी, टेबलाशी, बाहेर कॉरिडॉरमध्ये. बाया दचकून उठल्या, बाळं रडायला लागली. 'खुर्ची सात. श्वास थांबला आहे. ताबडतोब पाहा.' मी तोंड दाबून धरलं होतं. हवा जी काय होती ती मी सोडून दिली होती, तिकडे जाऊ दे म्हणून. डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले, तरी मी घेतला नाही.

टेबलाकडून मांजराच्या पिल्लानं शिंकावं तसा आवाज आला. मग दुसरा. मग एक चिरका, चिडका, लांबलचक सूर.

मी श्वास घेतला. पडदा हिरवा झाला. 'धोका टळला,' असं त्यावर आलं.

डॉक्टर धावत आले तेव्हा तो गुलाबी व्हायला लागला होता. सोनल भिंतीला टेकून उभी होती. हातातला फुगा अजून दाबत होती, सोडत होती. "मी बघत होते," ती म्हणत होती. "मार्था सिस्टर, देवाशप्पथ, मी एकदाही नजर काढली नाही. मी बघतच होते."

"तू बघत होतीस. ही बघत होती. ती नणंदही बघत होती," त्या म्हणाल्या. रागानं नाही. तिच्या हातातला फुगा त्यांनी हळूच काढून घेतला. मग माझ्यापाशी आल्या आणि ती चकती नखानं उचकटली. "घरी जायच्या दिवशी सांगणार होते. आईनं बाळाबरोबर श्वास घेतला ना, की मग दोघांतलं कोण थांबलं ते तिला कळत नाही. एवढंच आहे. दुसरं काही नाही."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. लॅपटॉप उघडून त्यानं मला सगळं समजावलं, मला आकडे कळतात हे कळल्यावर उत्साहानंच. चकती दोन अंगांच्या मधे दाबलेली. तिला दोन श्वास लागत होते, एक बारीक, अडखळता आणि एक ठळक, नियमित. तिनं ठळक तो धरला. आठ दिवस रोज दहा-दहा तास तोच शिकली. "त्यामुळे तिच्या लेखी खुर्ची सातचं बाळ म्हणजे तुम्हीच झालात, मॅडम," तो म्हणाला. "तसं बघितलं तर ती चुकलेली नाही. तुमचा श्वास तिनं अगदी बरोबर ओळखला."

त्याच्या पडद्यावर आदल्या दुपारची नोंद होती. 'दोन एक्केचाळीस. स्थिती: शांत झोप. विनाकारण हाताळणी: एक. सि. लोंढे.'

"हे खोडा," मी म्हणाले.

"खोडायची सोय नाहीये त्यात."

लोंढे हे मार्था सिस्टरांचं आडनाव. नंतर चौकशी झाली. सोनलनं लेखी दिलं, ते मी वाचलंय. तिनं लिहिलं होतं, यंत्र काढा असं माझं म्हणणं नाही, त्यानं एक बाळ वाचवलं आहे. पण त्याच्या बदल्यात नेलेली दुसरी सिस्टर परत द्या. यंत्र राहिलं. दुसरी सिस्टर तीन महिन्यांनी आली, असं ऐकलं.

या सगळ्याला सात वर्षं झाली. माझा मुलगा दुसरीत आहे, आणि मी अजून त्याच्या खोलीत जाते तेव्हा आधी माझा श्वास सावकाश करून घेते. संदेशच्या बदलीमुळे आम्ही जबलपूरला राहतो. मार्था सिस्टर निवृत्त झाल्या. दर रविवारी चर्चमधून आल्या की त्या मला फोन करतात. मुलाला फोनवर घेतात, म्हणतात, "मोठा श्वास घे रे, मला ऐकू दे." एकही रविवार चुकला नाही.

परवाचा चुकला. मी केला तर नुसता वाजत राहिला. कालपासून बंद लागतोय.

त्यांचा मुलगा सॅम्युएल दोह्याला असतो. त्याला लावला. तो म्हणाला, "ताई, मम्मी ओके आहे. मनगटावर घड्याळ घातलंय ना मी दिलेलं, सगळं दिसतं मला इकडे. चार्जिंग पंधरा-पंधरा दिवस टिकतं. आत्ताही हिरवं आहे. पावलं बरीच झालीत आज. पल्स जरा फास्ट दाखवतंय, एवढंच."

मला मार्था सिस्टरांनी हसत हसत सांगितलेलं एक वाक्य आठवलं, दिवाळीच्या आसपासचं. "त्या घड्याळानं मनगट खाजतं गं. मग मी ते ब्राउनीच्या गळ्यात बांधते. पोराला तिकडं बरं वाटतं, आणि कुत्र्यालाही मिरवायला मिळतं."

सॅम्युएलला हे सांगितलं. तो हसला. "नाही हो, ताई. कुणी घातलंय ते सिस्टीमला बरोबर कळतं."

शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नाही. मिरजेच्या पोलीस ठाण्यावर फोन केला, माणूस पाठवतो म्हणाले, त्यालाही आता सहा तास झाले. उद्या सकाळच्या गाडीनं मी निघतेय, पोचायला परवा उजाडेल. म्हणून हे लिहिलं. वाचणाऱ्यांपैकी कुणी मिरजेत असाल, तर मिशनच्या जुन्या चाळीच्या मागची गल्ली, डावीकडून तिसरं दार, निळं, वर पत्र्याचं छप्पर. लोंढे. आत्ताच जा.

दार वाजवलंत की ब्राउनी भुंकेल, उड्या मारेल, आतून पावलं वाजल्यासारखी वाटतील. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, आणि त्यांना हात लावून बघा.